हो म्हटलं की थांबतात

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला आम्ही उद्धट वाटतो. पाहुणा ओसरीवर टेकतो न टेकतो तोच त्याच्यापुढे पाणी येतं, मागोमाग चहा येतो, आणि जेवणाची वेळ असेल तर ताटच येतं. "चहा घेणार का", "जेवून जाणार ना" असं कुणी विचारत नाही. आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे माणसाला नको म्हणायची सोयच नाही." मी हसून वेळ मारून नेली. एका माणसाला कधीतरी नको म्हणता यावं, म्हणूनच ही सगळी पद्धत पडली होती. पण हे चहा पिता पिता सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या भागात नमस्काराच्या जागी प्रश्न असतो. नारायणगावच्या स्टँडवर उतरा, ओळखीचा माणूस विचारणार, "काय पावणं, कुणीकडं?" घरी या, शेजारीण विचारणार, "झालं का जेवान?" उत्तर कुणालाच हवं नसतं. आणि मी तर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, म्हणजे दिवसभर पोरांना प्रश्न विचारायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. अशा बाईच्या नशिबी प्रश्नाला घाबरणारा नवरा यावा, याला काय म्हणायचं?

तसे ते आधी नव्हते. नव्वदीच्या सुरुवातीला आमचं लग्न झालं तेव्हा यांच्या तोंडात एकच शब्द असायचा, 'बघू'. यांचं नारायणगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की यांच्याकडे यायच्या. हे जुनी काळी पडलेली तार काढायचे, नवी तांब्याची तार भरायचे, वर व्हार्निश मारायचे. टोमॅटोच्या हंगामात एकेका गिऱ्हाइकाचा जीव वर-खाली होत असायचा, कारण पाणी तुटलं की रोप गेलं. "कवा देनार राव?" "बघू." "उद्या तरी हुईल का?" "बघू की." घरीही तेच. "दिवाळीला माझ्या माहेरी जायचं ना?" "बघू." माझं माहेर आणे गावचं, पठारावरचं. तिथे मोटार बसवायची तर आधी पाणी शोधावं लागतं, म्हणून हे चेष्टेनं म्हणायचे की तुमच्या गावात माझ्यासारख्याचं काय काम. त्या 'बघू'चा मला इतका वैताग यायचा की एकदा मी फळ्यावर लिहिल्यासारखं भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं, 'आज बघू बंद'. हे ते वाचून म्हणाले, "बघू."

आमचं गाव नारायणगावच्या खाली, मीना नदीच्या काठाला. काठावर ओळीनं मोटारी बसवलेल्या. एका वर्षी पावसाळ्याच्या शेवटी वरच्या अंगाच्या दोन मोटारी चोरीला गेल्या. पाईप कापून, बोल्ट खोलून नेलेल्या. सगळं गाव त्याच चर्चेत होतं. तेवढ्यात धरणातून पाणी सोडलं, नदी दोन दिवस भरून वाहिली, आणि पाणी उतरल्यावर आमच्या वाड्यावस्तीतल्या एका बड्या शेतकऱ्याची मोटार जागेवर नव्हती. त्याने तक्रार दिली. तांब्याची तार कुणाच्या उपयोगाची, मोटार कुठे बसवलीय हे कुणाला माहीत, ती खोलायला कुणाला येते? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस होता.

यांना दुकानातून जीपमध्ये घालून नेलं. कुठल्या चौकीत नेलं ते इथे लिहीत नाही. मी आणि माझे थोरले दीर तिथे बाहेर चिंचेखाली बसून राहिलो. आत जाऊ देत नव्हते. एक हवालदार येता-जाता म्हणायचा, "इचारपूस चाललीय, घरी जावा." विचारपूस हा किती चांगला शब्द आहे. आजाऱ्याची करतात, म्हाताऱ्या माणसांची करतात. त्या दिवसापासून तो शब्द माझ्या कामातून गेला.

आत त्यांनी सगळं कबूल केलं. मोटार मी नेली, असं म्हणाले. कुणाला विकली तेही सांगितलं, मग पोलीस त्या भंगारवाल्याकडे गेले, तिथे काही नव्हतं. मग दुसरं नाव सांगितलं, तिथेही काही नव्हतं. शेवटी दिरांनी एका पुढाऱ्याला मध्ये घातलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांना सोडलं. कागदावर कशाचीच नोंद नव्हती. निघताना साहेब एवढंच म्हणाले, "गरज लागली की पुन्हा बोलावू." या एका वाक्यावर आमचं घर पुढची कित्येक वर्षं टांगून राहिलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "काय न्हाई झालं." अंगावर दिसण्यासारखं फार नव्हतं. तळपाय सुजलेले होते आणि दोन्ही हात खांद्याच्या वर जात नव्हते. शर्ट घालायचा तर मी बाही धरायची. हाड-वैद्याने तेल दिलं. तळपाय उतरले, हातांत थोडी ताकद आली, आणि सगळे म्हणाले, झालं, सुटलात. मलाही तसंच वाटलं. पण बाकीचं सगळं त्यानंतर सुरू झालं.

हे झोपायचे ते भिंतीला पाठ लावून, बसूनच. घरासमोरच्या रस्त्यावरून नारायणगावला माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा जायच्या. त्या पोलिसांच्या जीपसारख्याच, फक्त रंग वेगळा. लांबून इंजिनाचा आवाज आला की यांचं खाणं थांबायचं. घास तसाच तोंडात. जीप पुढे गेली की चावणं पुन्हा सुरू. थांबली, तर हे उठून मागच्या दाराला जायचे आणि तिथे नुसते उभे राहायचे. पळायचे नाहीत. पळाले असते तर मला एवढी भीती वाटली नसती. पुढे पुढे मलाही तीच सवय लागली. शाळेत शिकवता शिकवता बाहेर जीप थांबली की माझ्या हातातला खडू थांबायचा, आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघायची.

आणि यांचा 'बघू' गेला. ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आधी मला बरंच वाटलं, कारण विचारेल त्याला हे 'हो' म्हणत होते. दळण आणता का? हो. माहेरी जाऊन येऊ का? हो. मग एक दिवस मी विचारलं, "आमटीत मीठ जास्त झालंय का?" म्हणाले, "हो." मी चाखून बघितली तर बरोबर होती. मी म्हटलं, "का कमी झालंय?" म्हणाले, "हो." मी हसले. चेष्टा करताहेत असं वाटलं. पण हे हसले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, पुढचा प्रश्न काय येतो म्हणून. मी त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही.

गावात कुजबुज थांबत नव्हती. पोलिसांपुढे कबूल झाला, म्हणजे काहीतरी असेलच, असं लोक म्हणायचे. थोरल्या दिरांना ते सहन होत नव्हतं. ते मनाने सरळ, भावावर जीव टाकणारे. त्यांनी उपाय काढला बेलभंडाऱ्याचा. आमच्याकडे वाद मिटवायची ही शेवटची पायरी आहे. खंडोबाच्या देवळात जायचं, हातात बेलाचं पान आणि भंडारा घ्यायचा आणि सांगायचं. भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही, आणि बोललेलं कुणी पुन्हा उकरत नाही. त्यापुढे पोलिसांसमोरची कबुली काहीच नाही.

दीर म्हणाले, "देवापुढं एकदा न्हाई म्हनला की गावाची तोंडं बंद."

मी म्हटलं, "दादा, ते हो म्हणतील."

"आसं कसं म्हनंल? त्यानं घेतलीय का मोटार?"

"घेतली नाही. तरी हो म्हणतील. त्यांना काहीही विचारा, ते हो म्हणतात." मी त्यांना आमटीची गोष्ट सांगितली.

त्यांनी ऐकून घेतली. मग शांतपणे म्हणाले, "मिठाचं येगळं आन् देवाचं येगळं. तुमी भिऊ नका."

सासूबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "देव बगतोय ना." नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही जाऊ नका. नाही म्हणून सांगा." हे म्हणाले, "हो." मी डोक्याला हात लावला. त्या आठवड्यात मला अन्न गेलं नाही. मला माहीत होतं काय होणार आहे, आणि घरातल्या एकालाही ते पटवता येत नव्हतं. शेवटी मी देवळाच्या गुरवाकडे गेले. त्यांना म्हटलं, "काका, यांना काही विचारू नका. तुम्ही वाक्य सांगा आणि त्यांना मागोमाग म्हणायला लावा. मी मोटार घेतली नाही, एवढंच." गुरव भला माणूस. म्हणाले, "आसंच तर करत्यात. काळजी करू नगा."

रविवारी सकाळी देवळात माणसं जमली. आम्ही बायका दीपमाळेपाशी उभ्या होतो, तिथून गाभाऱ्यासमोरचं सगळं दिसत होतं. गुरवाने यांच्या ओंजळीत बेल ठेवला, भंडारा टाकला. हात वर धरायचा असतो, कपाळापर्यंत. यांचा हात वर जात नव्हता. म्हणून दिरांनी प्रेमाने पुढे होऊन यांचे दोन्ही कोपर खालून धरले आणि हात वर उचलले.

मी यांचा चेहरा बघितला. तो त्या क्षणी देवळात नव्हताच. हात वर ओढले जाण्याचा अर्थ त्यांच्या अंगाला एकच माहीत होता.

गुरव म्हणाले, "म्हना, मी."

"मी."

"मोटार."

"मोटार."

आणि ज्याची मोटार गेली होती तो शेतकरी मध्येच बोलला. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला खरं काय ते हवं होतं. "आसं पोपटावानी नगं. माझ्या तोंडाकडं बगून सांगा. मोटार तुमी घेतली का?"

हे म्हणाले, "हो."

"काय म्हनला?"

"हो."

दिरांनी हात सोडले. भंडारा सगळा फरशीवर सांडला. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकेक जण पायात चपला घालून निघून गेला. सासूबाई माझ्या शेजारी होत्या, त्या पदर तोंडाशी धरून खाली बसल्या. मला एवढा संताप आला की मी गुरवावर, दिरांवर, त्या शेतकऱ्यावर, देवावरसुद्धा एकदमच चिडले. यांच्या हाताला लागलेला भंडारा मी माझ्या पदराने पुसला आणि यांना घरी घेऊन आले.

गावाने पोलिसांना कळवलं नाही. देवापुढे कबूल झाला, आता पोलिसांचं काय काम, असं ठरलं. पण त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं तुटलं. दुकान चौकीच्या दिवसापासूनच बंद होतं, ते बंदच राहिलं. दीर समोर आले की मान खाली घालून जात. सासूबाईंनी तर आपल्या पोटच्या पोराबद्दल मला विचारलं, "भंडारा उचलून खोटं बोलला आसंल का गं त्यो?" काय उत्तर देणार? खोटं बोलला म्हटलं तर देवाचा गुन्हेगार, खरं बोलला म्हटलं तर चोर. त्या श्रावणात त्या भीमाशंकरला जाऊन आल्या, पोराला सुबुद्धी दे म्हणून. मी म्हटलं, आत्या, बुद्धी आहे हो त्यांना, ती कुणीतरी धरून ठेवलीय. त्यांना ते कळलं नाही. मलाही तेव्हा पुरतं कळत नव्हतं.

पण खरी भीती पुढेच होती. एक दिवस हे आपण होऊन म्हणाले, "मीच घेतली आसंल गं."

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "काय?"

"मोटार. मीच घेतली आसंल. सगळी म्हनत्यात. मीबी म्हनलो. आता मला आठवतंय, बोल्ट खोलताना पान्हा घसरला व्हता." आणि त्यांनी अंगठा दाखवला. तिथे पान्ह्याच्या जुन्या खुणा होत्या, कोणत्याही मेकॅनिकच्या हातावर असतात तशा.

गावाने चोर म्हटलेलं मी सहन करत होते. उद्या पोलीस पुन्हा आले तर काय, या धास्तीचीही सवय झाली होती. पण हा माणूस स्वतःच स्वतःला चोर समजायला लागला, तर त्याला परत कोण आणणार? ज्याच्या बाजूने मी सगळ्यांशी भांडत होते, तोच उठून समोरच्या बाजूला जाऊन बसत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा यांच्यादेखत रडले. हे घाबरून म्हणाले, "हो, हो," जणू मी काही विचारलं होतं.

आंबेगाव तालुक्यात, मंचरला, पुण्याच्या एक मनाच्या आजाराच्या डॉक्टर आठवड्यातून एकदा येत असत. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने सांगितलं. गावात कुणाला कळू न देता मी यांना घेऊन गेले. वडापच्या जीपमध्ये हे बसत नव्हते, म्हणून एसटीची वाट बघत बसलो. डॉक्टर माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. झोप लागते का? हो. भूक लागते का? हो. कधी जीव द्यावासा वाटतो का? हो. बाईंचा पेन भराभर चालला होता. मी म्हटलं, "मॅडम, माफ करा. तुम्ही त्यांना विचारा, आज तुम्ही विमानाने आलात का."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग यांना विचारलं.

"हो," हे म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवला. मग त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. खुर्ची थोडी मागे घेतली, खिडकीबाहेर बघत बसल्या. त्या खोलीत कुणीही काही विचारत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. आणि हे आपण होऊन बोलायला लागले, हळू, फरशीकडे बघत.

"शेजारच्या खोलीत आनिक एक जन व्हता. त्याचं आयकू यायचं. त्याचं थांबलं की कळायचं, आता आपल्याकडं येनार. मार बरा व्हता, त्यो आला की आला. पर त्याच्या आदीचं... येनार येनार म्हनून बसायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "हो म्हनलं की थांबायचे. पानी द्यायचे."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि हे मला पहिल्यांदाच कळत होतं, तेही दुसऱ्याला सांगताना ऐकून.

डॉक्टरांनी नंतर मला बाहेर बोलावून समजावलं. म्हणाल्या, "मारण्याने हाड मोडतं ते आपल्याला दिसतं. पण छळाचा हेतू हाड मोडायचा नसतोच. माणसाच्या आत एक जागा असते, जिथून तो नाही म्हणतो. ती मोडायची असते. तुमच्या मिस्टरांच्या अंगाने तिथे एक शिकून घेतलंय, हो म्हटलं की थांबतात. ते भित्रे नाहीत आणि वेडेही नाहीत. ते अजून तिथेच आहेत, आणि जिवंत राहायचा प्रयत्न करताहेत." झोपेच्या गोळ्या दिल्या. आणि सांगितलं की घरात प्रश्न विचारू नका. त्यांना आपण होऊन बोलू द्या. आणि ज्याला ते सहज नकार देऊ शकतील असं काहीतरी रोज त्यांच्यासमोर येऊ द्या, नकार दिला तर काहीही वाईट होत नाही हे दिसायला हवं.

परतीच्या एसटीत मी विचार करत होते, या माणसाला आयुष्यात सगळ्यात जास्त काय आवडत नव्हतं? शेपू. लग्नानंतर पहिल्यांदा मी शेपू केला होता तेव्हा हे ताटावरून उठून गेले होते, आणि आमचं त्यावरून भांडण झालं होतं. मग काय, मी शेपू सुरू केला. आज शेपूची भाजी, उद्या शेपूची डाळ. आधी हे सगळं मुकाट खायचे. मला खाताना बघवत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "आगं, त्याला आवडत न्हाई, का जीव घेतीस?" त्यांना काय सांगणार, की तो जीव परत यावा म्हणूनच. स्वतःलाही मी शेपू खायला लावला, आणि आजही मला त्याचा वास सहन होत नाही.

बऱ्याच महिन्यांनी एकदा यांनी शेपू ताटाच्या कडेला सारला. बोलले नाहीत. सारला आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत भाकरी वाढली. पुढच्या वेळी त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली. आणि मग एकदा, पाटावर बसताबसताच, "आज शेपू नको." मी म्हटलं, "बरं." एवढंच. आत जाऊन चुलीपाशी मी तोंडात पदर कोंबून रडले.

घरात हळूहळू फरक पडला. घराच्या पडवीत पुन्हा छोटंसं काम सुरू झालं. लांबच्या गावांचे लोक मोटारसायकलवर जळालेल्या मोटारी घेऊन यायचे. त्यांना आमचं काही माहीत नव्हतं. "मीच घेतली आसंल" हे पुन्हा ऐकू आलं नाही, पण गेलं असंही मला कधी वाटलं नाही. आणि गावातल्या चार पुरुषांसमोर, दिरांसमोर, खाकी कपड्यातल्या पोस्टमनसमोरसुद्धा, कुणी आवाज चढवून विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. हो.

दोन हजार सालानंतर एक उन्हाळा फार वाईट गेला. नदी पार आटली. पात्रात वाळू काढणारे खोल खणत गेले, आणि गावाच्या बरंच खाली, वळणावर, वाळूत त्यांना एक मोटार सापडली. खालची लाकडी फळी तशीच, पाईपाचा तुकडा तसाच, बोल्ट सगळे जागेवर. कुणी खोललेली नव्हती. धरणाचं पाणी सुटलं तेव्हा फळीसकट वाहून गेली होती. पट्टीवरचा नंबर घासून बघितला, तर ती त्या शेतकऱ्याचीच.

त्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या दारात आला. बरोबर थोरले दीर होते, आणि मागे हातगाडीवर ती मोटार. माफी मागायची आमच्याकडे फारशी रीत नाही. तो यांना म्हणाला, "हिचं वाइंडिंग बगा राव. तुमच्याच हातचं हाय." एवढ्यातच त्याने सगळं सांगितलं.

दीर मात्र तेवढ्यावर थांबणारे नव्हते. "येत्या रविवारी देवळात चल. सगळ्या गावापुढं पुन्यांदा भंडारा उचल आन् खरं काय ते सांग. आरं, घेतली नव्हतीस तर तवा हो का म्हनलास? येतूस ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्यांनी पुन्हा विचारलं होतं, आवाज चढवून, समोर उभं राहून, आणि तेही प्रेमानेच. हे आता 'हो' म्हणणार होते. मग रविवार येणार होता, कोपर खालून उचलले जाणार होते, आणि पुन्हा कुणीतरी मध्येच बोलणार होतं. मी पुढे होऊन काही बोलावं म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

हे खाली बसून एका मोटारीत तार भरत होते. हात थांबला. कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. मान वर न करता त्यांनी तारेचा अर्धवट राहिलेला वेढा पुरा केला.

"मी येनार न्हाई," हे म्हणाले.

दीर म्हणाले, "आरं पर आता तर—"

"मला कुनी काय इचारू नका, दादा. मोटार ठिवून जावा."

दीर दोन पावलं मागे सरकले. त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांच्याइतका भला माणूस यांना दुसरा मिळाला नसता हे खरं असलं, तरी मला त्या क्षणी त्यांची अजिबात दया आली नाही. गावातल्या काही जणांनी पुढे म्हटलंच की देवापुढे यायला घाबरला, म्हणजे काहीतरी असेल. म्हणोत.

त्या शेतकऱ्याने मोटार उतरवून पडवीत ठेवली. जाता जाता सवयीने, आमच्या गावातली सगळीच माणसं विचारतात तसं त्याने विचारलं, "कवा देनार मग?"



यांनी मोटारीवरची वाळू बोटाने झटकली, आत डोकावून बघितलं.

"बघू," म्हणाले.